निळे पट्टे

रस्ता खात्याच्या रंगाऱ्याला हुकूम होता, शाळेसमोर कुणीतरी परस्पर रंगवलेल्या झेब्रा पट्ट्यांना काळं फासायचं. पट्टे चक्क फिकट निळे होते, त्यात वाकडेतिकडे. फाटकापाशी उभ्या बाईला त्याने दरडावलं, "हा उद्योग कुणाचा?" "माझा. लेक इथेच ट्रकखाली गेली. पट्ट्यांसाठी दोन वर्षं तुमच्या ऑफिसात खेटे घातले. शेवटी तिच्या खोलीसाठी आणलेला रंग काढला." तेवढ्यात शाळा सुटली. मुलं पट्ट्यांवर उतरली आणि भरधाव ट्रकने करकचून ब्रेक मारला.  रंगाऱ्याने काळ्याचा डबा गाडीत ठेवला, पांढऱ्याचा काढला आणि आखणीच्या दोरीचं टोक बाईच्या हातात दिलं. "ताई, घट्ट धरा. पट्टे सरळ यायला हवेत." संध्याकाळी साहेबांचा फोन आला, "पुसले का रे?" नखांतला पांढरा रंग खरवडत तो म्हणाला, "हो साहेब. निळा एकही ठेवला नाही."