कढीपत्त्याच्या दोन काड्या

भामाबाईंनी मेथीची जुडी पिशवीत घातली आणि सवयीने वर कढीपत्त्याच्या दोन काड्या टाकल्या. हातगाडीवरचा सरकारी वजनकाटा तत्क्षणी लाल झाला.

सुलोचनाबाईंनी दचकून आपली पिशवी मागे ओढली. सतरा वर्षं त्या याच गाडीवरून भाजी नेत होत्या. चौकातला बाजाररक्षक बंदूक सावरत त्यांच्याकडे चालू लागला.

"वस्तू फुकट दिली गेली आहे," काटा मंजुळ आवाजात म्हणाला. "फुकट देणं हा बाजाराच्या स्वातंत्र्यावर हल्ला आहे. मागितली कोणी?"

"अहो, मी पैसे देते की त्याचे!" सुलोचनाबाई म्हणाल्या.

"आता उशीर झाला. मागितली कोणी?"

भामाबाईंनी तोंड उघडलं. आता ही आपलंच नाव घेणार, या धास्तीने सुलोचनाबाईंनी घाईघाईने बोट दाखवलं. "मी नाही मागितली! हिनेच दिली!"

"बाईंचा काही दोष नाही," भामाबाई त्याच वेळी म्हणत होत्या, "माझाच हात गेला."

रक्षकाने त्यांचा तोच हात धरला आणि त्यांना गाडीपासून ओढत नेलं. सुलोचनाबाई पिशवी छातीशी धरून उभ्या राहिल्या.

काटा पुन्हा हिरवा झाला. "साक्षीचे वीस रुपये तुमच्या खात्यात जमा केलेत, ताई. फुकट आम्हीही काही घेत नाही."