कढईत शिसं आहे तोवर

दिग्विजयनं दाराचं कुलूप काढलं आणि आईकडं बोट केलं. "आये, उंबऱ्यावर बस. हलायचं न्हाय."

"बसती की," बजाबाई म्हणाली आणि हातात पक्कड घेऊन उंबऱ्यावर आडवी बसली.

भवानी पेठेतल्या त्या दोन खोल्यांचं दार एरवी कुलपातच असायचं, आई आणि बायको आत. शिसं वितळवायचं असलं की तेवढं उघडायचं. मागच्या खोलीला खिडकी नाही, मग धूर जाणार कुठं? दार लावून बघितलं होतं त्यानं एकदा. खोकून खोकून स्वतःच आडवा झाला. बायकोला कोंडता येतं हो, धुराला कसं कोंडणार!

दिग्विजय गळाला आणि जाळ्याला लावायची शिशाची वजनं घरीच ओतायचा. गॅरेजमधनं टायरला लावलेली शिशाची जुनी वजनं पोत्यानं आणायची, लोखंडी कढईत वितळवायची, वर आलेलं कीट पळीनं काढायचं आणि साच्यात ओतायचं. उजनीच्या धरणावरचे मासेमार त्याचाच माल मागायचे. माल चोख होता. माणसाचं विचारू नका.

त्याची बायको पायल हे सगळं रोज बघायची. बघता बघता एक गोष्ट तिच्या ध्यानात आली होती. एकदा ओतायला सुरुवात झाली की दिग्विजयला उठता येत नाही. हात थांबला की साचा गार होतो, आणि गार साच्यात वजन अर्धवट उतरतं. सगळी मेहनत मातीत. म्हणून कढई रिकामी होईपर्यंत तो जागचा हलायचा नाही. तेवढाच वेळ दार उघडं असायचं. मधे फक्त सासू.

पायलला तिसरा महिना चालू होता. मागचं चौथ्यात गेलं होतं. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी तेव्हाच बजावलं होतं, "शिशाच्या धुरात राहू नको गं, बाळाला बाधतं." दिग्विजय हसला होता. "आमची आये बसती की धुरात. तिला काय झालंय?" त्यानंतर पायलचं दवाखान्यात जाणंच त्यानं बंद केलं. फोन घरात एकच, तोही त्याच्या खिशात. मंद्रूपला माहेर, एसटीनं तासाभराचासुद्धा रस्ता नाही, पण वडिलांचा आवाज ऐकून दिवाळी उलटली होती. हेही पोर या धुरात जाणार, या भीतीनं पायलला घास गिळवत नव्हता.

आणि सासू! सासू कसली, मानगुटीवर बसलेलं भूत. रात्री पायलच्या अंथरुणाला लागून झोपायची, तिच्या पदराचं टोक मुठीत धरून. पायलनं कूस बदलली तरी म्हातारी जागी. "कुटं चाललीस?" मोरीत गेली तरी ही बाहेर उभी. दिग्विजय खूश होता. "आये हाय तवर मला घोर न्हाय," म्हणायचा.

परवा तर कहर झाला. पिठाच्या डब्यामागं दडवलेली पिशवी बजाबाईच्या हाती लागली. आत दोन साड्या आणि दवाखान्याचं कार्ड. म्हातारीनं पिशवीची गाठ सोडली, आत बघितलं, पुन्हा गाठ मारली आणि होती तिथं ठेवून दिली. पायलच्या डोळ्यांदेखत. आता ही जेवताना सांगणार, नाहीतर झोपताना. पण बजाबाई काही बोलली नाही. हे जास्त वाईट होतं. कधी सांगायचं ते तिनं ठरवून ठेवलं असणार, पायलला वाटलं.

म्हणजे आजच जायला हवं होतं.

मागच्या खोलीतून पळी कढईला घासल्याचा आवाज आला. ओतायला सुरुवात झाली होती. बजाबाई कालच्या मालाच्या कडा पक्कडीनं खुडत बसली होती. पायलनं पिशवी पदराखाली धरली. ती दाराशी आली.

"आत्या, हाक मारतायत तुमाला. आतनं."

बजाबाईनं मान वर केली. तिनं बराच वेळ पायलच्या तोंडाकडं बघितलं.

"व्हय? मला न्हाय आलं ऐकू," ती म्हणाली. मग गुडघ्यावर हात टेकून उठली आणि आत गेली.

"तू कशाला उठलीस?" दिग्विजय आतून खेकसला. "दारात कोन हाय?"

"बसवलीया तिला भाकरी थापायला. तू थांबू नगंस, वत समदं. साचा गार हुईल."

पुढचं ऐकायला पायल थांबलीच नाही. उंबरा ओलांडला, बोळ ओलांडला, कोपऱ्यावर उभ्या असलेल्या रिक्षात अंग टाकलं. "स्टँडला चला, दादा. लवकर."

रिक्षा सुरू झाली. पायलनं मागं वळून बघितलं. बोळातून बजाबाई येत होती. पदर खांद्यावरनं घसरलेला, एक हात वर, धापा टाकत पळत होती.

"ए रिक्षा! थांब रं! थांब!"

"दादा, नका थांबू, पाया पडते तुमच्या!"

पण पळत येणाऱ्या म्हाताऱ्या बाईला सोडून कोण जाईल? रिक्षावाल्यानं ब्रेक मारला. बजाबाईनं रिक्षाची दांडी घट्ट पकडली. तिला बोलवेना, छाती भात्यासारखी वरखाली होत होती.

पायल रडायलाच लागली. "आत्या, ओरडू नका. या बाळासाठी तरी सोडा मला. तुमचंच नातवंड हाय की हो."

बजाबाईनं एकदा बोळाकडं बघितलं. मग तिनं एक पाय रिक्षात टाकला.

"सरक की तिकडं," ती म्हणाली. "कवाधरनं वाट बघतीया मी, तू कवा पळतीस त्याची."