बीटल्सच भारी

"बीटल्सपेक्षा थोर बँड या पृथ्वीवर झाला नाही आणि होणारही नाही!" दत्तोपंतांनी उजवा हात उंचावून जाहीर केलं. तो हात त्यांना लगेच पाठीमागं न्यावा लागला. दवाखान्याच्या हिरव्या झग्याच्या नाड्या मागून सुटल्या होत्या.

हर्नियाचं ऑपरेशन होतं. परभणीत असली रोज होतात. डॉक्टर त्याला 'बारीकसं' म्हणाले होते, आणि दत्तोपंत त्या शब्दालाच जास्त घाबरले होते. मानवतच्या शाळेत इंग्रजीचं व्याकरण शिकवून त्यांनी वर्गच्या वर्ग झोपवले होते. स्वतःला कुणी झोपवायची ही पहिलीच वेळ होती. भुलीतून जाग आलीच नाही तर, एवढा एकच प्रश्न काल संध्याकाळपासून डोक्यात घोंघावत होता. त्यात बीपी चढलेलं. ते उतरल्याशिवाय आत घेणार नाही, असं सिस्टर सुकेशनीनं बजावलं होतं.

म्हणून तर त्यांनी बीटल्स काढले. स्टुलावर दिनकरराव बसले होते. ते आता उसळतील, दोन शिव्या देतील, मग सगळं रोजच्यासारखं होईल, असा हिशेब होता.

दिनकरराव ताडकळसचे. दोघं औरंगाबादला वसतिगृहात एका खोलीत होते. तिथं कुणाच्या तरी रेकॉर्ड प्लेयरवर विलायतेतले हे दोन बँड त्यांनी ऐकले. दत्तोपंत बीटल्सचे झाले, दिनकरराव रोलिंग स्टोन्सचे. तेव्हापासून भांडण चालू होतं. दत्तोपंत स्वतःच्या वरातीत घोड्यावरून उतरून भांडले होते. एकदा या पोळ्यापासून त्या पोळ्यापर्यंत अबोला झाला होता. दिनकररावांनी बांधाच्या भांडणात चुलतभावापुढं माघार घेतली, नोकरीत साहेबापुढं घेतली. स्टोन्सच्या बाबतीत कधी नाही.

"बरोबर हाय तुझं," दिनकरराव म्हणाले. "बीटल्सच भारी."

दत्तोपंतांना वाटलं, भूल आधीच दिली की काय.

"काय म्हणालास?"

"बीटल्सच भारी म्हनलं. लय भारी."

दत्तोपंतांनी पुन्हा एकदा काडी टाकून पाहिली. "तुझ्या त्या स्टोन्सना आपल्याकडच्या वरातीतसुद्धा कुणी उभं केलं नसतं."

"न्हाईच केलं असतं," दिनकरराव खाली मान घालून म्हणाले. "नवरीच पळून गेली असती."

आता संशयाला जागाच उरली नाही. डॉक्टरांनी याला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलेलं होतं. मरणाऱ्या माणसाशिवाय इतकं गोड कुणाशीच कुणी बोलत नाही. दत्तोपंतांनी बायकोकडं पाहिलं. सुमंगलाबाई पलीकडं खिडकीशी पिशवीतला टॉवेल उगाच पुन्हा घडी घालत होत्या. त्यांनीही सकाळपासून एकदाही टोमणा मारला नव्हता.

सुकेशनीनं दंडाला पट्टा गुंडाळला. "काका, हे काय! आत्ता कुठं उतरलं होतं, परत चढलं की. काय बोलायलात तुम्ही दोघं?"

"भाऊजी काही भांडले का?" सुमंगलाबाईंनी विचारलं.

"भांडला नाही, तेच तर!" दत्तोपंत ओरडले. मग त्यांनी दिनकररावांचा हात धरला. "दिन्या, खरं सांग. डॉक्टर काय म्हणाले? हर्निया नाही ना हा? माझ्या कॅसेटी तू घेऊन जा. आणि हिच्याकडं लक्ष..."

"येडा हायस का तू?" दिनकररावांनी डोळे पुसले. "डॉक्टर कायला काय म्हनतील? मीच सकाळी समोरच्या मारुतीला नवस बोललो. दत्त्या धडपणी बाहेर येऊ दे, मी स्टोन्स सोडले म्हनून."

"सोडले?"

"आमच्या थोरल्या बहिणीनं, धुरपतानं, काशीला जाऊन दोडका सोडला. तिला दोडका कधी आवडलाच न्हाई. देवाला सरळ फसवलं तिनं. मी न्हाई फसवलं. जे आवडतं तेच सोडलं. आधीच सोडलं, मारुतीशी उधारी नको." त्यांनी स्टूल पुढं ओढलं. "भ्यालो रे मी. तुला काय झालं तर या जिल्ह्यात मी भांडू कुनासंगं? बाकीच्यांना दोन्ही लग्नातले बँडवालेच वाटतात."

आपण मरत नाही, हे दत्तोपंतांना हळूहळू पटलं. बीपी उतरायला हरकत नव्हती. पण तेवढ्यात दुसरी भीती आत शिरली, आणि ही पहिलीपेक्षा मोठी होती.

"म्हणजे मी वाचलो," त्यांनी सावकाश विचारलं, "तर उरलेला जन्मभर तू मला हो म्हणणार?"

"म्हनावंच लागेल. नवस हाय."

दत्तोपंतांच्या डोळ्यांपुढं चहाची टपरी आली. रोजची सकाळ, दोन कप, आणि समोर मान डोलावणारा दिनकरराव. पुढच्या सकाळी पुन्हा तेच.

स्ट्रेचर आलं. वॉर्डबॉयनं त्यांना त्यावर घेतलं, झगा सारखा केला आणि दाराकडं ढकललं. सुमंगलाबाईंनी हात जोडले. दत्तोपंतांनी जाता जाता दाराची चौकट घट्ट धरली.

"काका, सोडा. डॉक्टर वाट बघायलेत," सुकेशनी म्हणाली.

"एक मिनिट, बाई. दिन्या, आधी पळत जा आणि मारुतीला सांग, घाईत चुकून बोललो म्हणावं. तूसुद्धा दोडकाच सोड."