करू नये म्हणून

"चोरी केली म्हणून नव्हे, माय लॉर्ड. पुढे करू नये म्हणून आत ठेवलंय," सरकारी वकील म्हणाले.

मागच्या बाकावर रंगाऱ्याची बायको कान टवकारून बसली होती. लाँड्रीत इस्त्री फिरवून फिरवून तिच्या उजव्या मनगटाला कायमचा ठणका लागला होता. ते मनगट दाबत ती एकेक शब्द पकडू पाहत होती. निम्मं बोलणं कलमांचं, ते डोक्यावरून जात होतं. हे वाक्य मात्र कळलं. केलेल्या चोरीची शिक्षा कधीतरी संपते. न केलेल्या चोरीची कधी संपायची?

चोरीच्या खटल्यात नवऱ्याला जामीन झाला होता. ती त्याला आणायला तुरुंगाच्या फाटकाशी गेली, तर तो बाहेर पडण्याआधीच नवा हुकूम आत पोचलेला: हा इसम सुटला तर पुन्हा चोऱ्या करील, सबब स्थानबद्ध. साक्ष नाही, पुरावा नाही, हा सूर्य हा जयद्रथ म्हणायची सोय नाही. त्या हुकमाविरुद्ध आज सुनावणी होती.

"आधार काय?" न्यायाधीशांनी विचारलं.

"दोन घरफोड्या. दोन्ही घरं यानेच रंगवलेली. कपाट कुठे, मागच्या दाराची कडी कशी, याला सगळं ठाऊक."

तिचा वकील उठला. "घराला रंग दिला म्हणून माणूस चोर? दोन्ही रात्री तो आपल्या घरी झोपला होता."

"कोण म्हणतं?"

"त्याची बायको."

"बायको दुसरं काय म्हणणार?" सरकारी वकील म्हणाले, आणि कोर्टात हशा पिकला. न्यायाधीशांनाही हसू आवरेना.

तिच्या अंगाची लाही लाही झाली. एका खोलीचा संसार. भिंतीकडे ती, दाराकडे तो. त्याने कूस बदलली तरी तिची झोप मोडते. तो त्या रात्री कुठे होता हे छातीठोक सांगू शकेल असं जगात एकच माणूस होतं, आणि नेमकं तेच चालत नव्हतं.

निकाल मात्र तिच्या मनासारखा लागला. चोरीसाठी चोरीचा कायदा आहे, न्यायाधीश म्हणाले. पुरावा असेल तर खटला चालवा, नुसत्या धास्तीपोटी माणूस कोंडून ठेवता येणार नाही. हुकूम रद्द. मग उठता उठता त्यांनी आणखी एक वाक्य जोडलं, की पुढे काही निष्पन्न झाल्यास पोलिसांना कारवाईची मुभा राहील.

पहिल्या वाक्यालाच तिचा जीव भांड्यात पडला. शेवटचं तिने ऐकलंच नाही. ते वकिलाने जिन्यात समजावून सांगितलं.

"जिंकलो, ताई. पण जरा जपून. आसपास कुठे खुट्ट झालं तरी पहिलं दार तुमचंच वाजणार."

"मग हे जिंकणं कसलं हो?"

"कायद्याने जिंकलो," तो म्हणाला आणि पुढच्या पक्षकाराकडे वळला.

संध्याकाळी रंगारी घरी आला. अंगावर रंगाचा ठिपका नाही. एवढा स्वच्छ नवरा तिने लग्नातही पाहिला नव्हता. गल्लीत कोणी तोंडावर काही बोललं नाही. पण एकदा कानफाट्या नाव पडलं की पडलं. ज्या घराचं काम अर्धवट राहिलं होतं, त्या मालकिणीने त्याची शिडी आणि ब्रश केव्हाच दारात आणून ठेवले होते.

जेवताना तो उगाचच हसत होता.

"तिथं अंधार पडायच्या आत शिपाई येतो. एकेक कुलूप हिसडून बघतो, लागलंय ना म्हणून. सुरुवातीला मी कानांवर हात ठेवायचो. नंतर नंतर तो येऊन गेल्याशिवाय झोप येईना."

"जळलं मेलं ते कुलूप," ती म्हणाली. "भाजी घ्या."

सकाळी ती लाँड्रीला निघाली, तर तो दाराच्या आत उभा. हातात घरचंच कुलूप.

"हे बाहेरून लाव."

"काय?"

"बाहेरून लाव. किल्ली समोरच्या मावशींकडे दे. गुपचूप नको, हाक मारून दे. नळावरच्या चार जणींना दिसू दे."

"डोकं फिरलंय का तुमचं? कोर्टाने सोडलंय तुम्हाला!"

"सोडलंय ना. पण आज कुठे काही गेलं, तर मी घरात होतो हे कोण सांगणार? तू?"

कोर्टातला तो हशा तिच्या कानात पुन्हा उसळला. ती रडायच्याच बेतात होती, पण कामावर उशीर होत होता.

"आणि रात्री?" तिने विचारलं.

"रात्री मावशीच लावतील. आपण दोघं आत."

तिने कुलूप घेतलं. दार ओढून कडी घातली. मनगट ठणकत होतं, किल्ली फिरायला वेळ लागला. मग तिने मावशींना हाक मारली, घसा खरवडेल एवढ्या मोठ्याने.

"मावशी, ही किल्ली ठेवा. हे घरातच आहेत. बघून ठेवा सगळ्यांनी."

नळावरच्या बायका बघत राहिल्या. मावशींनी किल्ली मुठीत घेतली.

इतक्यात आतून दार दोनदा हिसडलं गेलं. कुलूप खडखडलं, निघालं नाही.

"लागलंय," आतून त्याचा आवाज आला, अगदी निवांत. "जा तू आता."