मागचे ब्रेक

"पट्टा लावा बाबा," अपेक्षा म्हणाली.

साईनाथांनी पट्टा लावला. दोनदा ओढून पाहिला. मग दारावरची मूठ धरली आणि समोर बघितलं. कळंबच्या रस्त्याला एका रिसॉर्टवाल्याने गाड्या उभ्या करायला मुरूम टाकून मैदान सपाट केलं होतं. आज मंगळवार. पाहुणे नाहीत, मैदान मोकळं. कडेला जांभळीखाली गौराबाई उभ्या होत्या. आपला नवरा सुनेने बसवलेल्या ब्रेकची परीक्षा घेणार, हे बघायला त्या कडावच्या घरून खास आल्या होत्या.

"घट्ट धरा ओ!" त्यांनी तिथूनच ओरडून सांगितलं. "नवे ब्रेक गाडीला हायत, तुमाला नाय!"

साईनाथांनी तिकडे लक्ष दिलं नाही. त्यांच्या मनात एक वाक्य तयार होतं. सकाळी गोठ्यात म्हशींसमोर त्यांनी ते म्हणूनही बघितलं होतं. 'गाडी घरची हाय, घरीच राहील. शर्यत-बिर्यत काय नाय.' एक फेरी मारायची, उतरायचं आणि हे बोलायचं. न बघताच नाही म्हटलं, असं सुनेला वाटायला नको. एवढ्यासाठीच ते बसले होते.

गाडी त्यांचीच. जुनी झेन, मुलगा ओमकार बालवाडीत असताना घेतलेली. आणि गाडी जपावी तर साईनाथांनी. उमेदीची सगळी वर्षं दुधाचा टेंपो चालवण्यात गेलेली. कॅनमधलं दूध हिंदकळू नये म्हणून हा माणूस कधी जोरात गेला नाही आणि कधी जोरात थांबलाही नाही. पुढे दूध पोचवायचं काम सोडलं, टेंपो विकला, पण सवय तीच राहिली. कर्जतच्या रस्त्यावर सायकलवाले त्यांना मागे टाकून जात, आणि जाताना रामराम घालत.

म्हणून तर अपेक्षाने झेनची मागची चाकं खोलली, तेव्हा ते खूश झाले होते. खालापूरला तिच्या वडिलांचं गॅरेज. पाना हातात धरूनच ती मोठी झालेली. जुने ड्रम ब्रेक काढून ती नवे डिस्क ब्रेक बसवत होती.

"आमची सून पयलं ब्रेक बघते," त्यांनी डेअरीवर चारचौघांत सांगितलं. "अशी सून लागते घरात."

रात्री जेवताना तिच्या तोंडावरही कौतुक केलं. पण अपेक्षाला खोटं बोलता येत नाही, हा तिचा मोठाच दोष.

"बाबा, आमच्याकडं खालापूरला गाड्यांची शर्यत हाय. मी उतरणार हाय. त्याच्यासाठी बसवतेय."

"शर्यतीला ब्रेक कशाला गं?"

"ब्रेक चांगले असले की वळणावर उशिरा दाबता येतात. तोवर जोरात जाता येतं."

साईनाथ घास गिळायचा विसरले. जोरात जाण्यासाठी ब्रेक! हे म्हणजे उपासासाठी वडे तळण्यासारखं झालं. त्या दिवसापासून गाडीची किल्ली त्यांच्या बंडीच्या खिशात जाऊन बसली. ओमकार म्हणाला, "मी मधे पडत नाय," आणि कंपनीत शिफ्टला निघून गेला. अपेक्षाने वाद घातला नाही. फक्त रोज ताट वाढताना म्हणायची, "आधी बघा तर खरं. मग नाय म्हणा." शेवटी आज सकाळी त्यांनी किल्ली काढून दिली. शर्यतीला पाच दिवस उरले होते.

अपेक्षाने गाडी काढली. पहिला गिअर, दुसरा, तिसरा. चाकांखाली मुरूम करकरला. पलीकडचं कुंपण भराभर जवळ यायला लागलं. साईनाथांचा पाय आपोआप खालच्या पत्र्यावर दाबला गेला. तिथे ब्रेक नव्हता. त्यांनी आणखी जोरात दाबला.

मग अपेक्षाने ब्रेक मारला.

पुढच्या चाकांच्या आधी मागची चाकं जाम झाली, आणि गाडीचा मागचा भाग पुढे यायला निघाला. साईनाथांना समोर कुंपण दिसलं. मग जांभळ दिसली. मग गौराबाई, मग डोंगर, मग पुन्हा गौराबाई. त्यांची टोपी उडून मागच्या सीटवर पडली. गाडी आल्या दिशेला तोंड करून उभी राहिली आणि तांबड्या धुळीने काचा झाकून टाकल्या.



अपेक्षाचा चेहरा उतरला होता. "मागचा ब्रेक जास्त धरतोय, बाबा. दाब कमी करायला पायजे होता. माझंच चुकलं," ती म्हणाली. "लागलं का तुमाला कुठं?"

साईनाथांनी मान हलवली. ती होय होती की नाही, ते कळलं नाही. अपेक्षाने इंजिन बंद केलं. किल्ली काढली आणि त्यांच्यापुढे धरली.

"घ्या. तुमचंच बरोबर होतं."

धुळीतून गौराबाई धावत आल्या. एक चप्पल मागेच राहिली होती. चेष्टा पार पळाली होती. त्यांनी काचेवर थापा मारल्या. "अवो, बोला की काईतरी! बरं हाय ना तुमाला?"

साईनाथांनी हात वर करून बायकोला थांबवलं. ते सकाळचं वाक्य शोधत होते आणि ते कुठे सापडत नव्हतं. त्यांनी सुनेच्या हातातल्या किल्लीकडे पाहिलं. ती घेतली नाही. धूळ खाली बसली तसा बाहेर मुरमावर चाकांनी काढलेला भलामोठा गोल दिसला, त्याच्याकडे ते बघत राहिले. मग ते अपेक्षाकडे झुकले, आणि गौराबाईंना ऐकू जाणार नाही इतक्या हळू विचारलं,

"त्या शर्यतीत बाजूला कुणाला बसू देतात का गं?"