सुरी पोचायच्या आधी

मुलीची सोयरीक ठरवायला अकोल्याचे पाहुणे येणार होते. ‘हरणाचं गोश्त खाऊ घालतो’ असा शब्द मुनीरखाननं दिला होता. पहाटेच तो ठासणीची बंदूक घेऊन शेषराव माळ्यासोबत रानात शिरला. गोळी लागून हरीण झुडपात कोसळलं. मुनीरखान सुरी घेऊन धावला, ‘बिस्मिल्ला’ म्हणत वाकला आणि थबकला. हरणाचा श्वास थांबला होता. जिवंतपणी गळ्यावर सुरी फिरली नाही, तर मांस हराम. “काहून थांबला? फिरव सुरी,” शेषराव म्हणाला, “कोन पाहून राहिलं इथं?” मुनीरखानला पाहुणे आठवले. सोयरीक मोडली तर? “म्या पाह्यलं ना,” तो कसाबसा बोलला. दुपारी पाहुण्यांपुढं जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानावर शेषरावाच्या मळ्यातली वांगी त्यानं वाढली. त्यानं खरं सांगितलं. मुलाच्या वडलांनी ऐकून घेतलं. मग ताट पुढं करत म्हणाले, “अजून वाढा. निकाहाची तारीख सांगा.”