जोडलेली पानं

वाटूरच्या वाचनालयात रखमाजी काकांनी एक जुना, पातळसा कवितासंग्रह काढून दिला, सोबत ब्लेडही. "मदीहा, हे पुस्तक आलं तसंच पडून हाये. पानं जोडलेलीच हायेत, कापून वाच."

नवकवितेतल्या या मोठ्या कवीला मी पहिल्यांदाच वाचत होते. उद्या वर्गात त्याच्यावर बोलायचं होतं.

पहिली घडी कापली. आत अवघड शब्दांवर पेन्सिलीनं उर्दूत अर्थ लिहिले होते. घरी आम्ही उर्दू बोलतो, म्हणून मीही असंच लिहिते.

अक्षर माझंच होतं.

"काका, हे आधी कुणी कापल्तं का?"

"बिलकुल न्हाई."

दुसऱ्या घडीत मी जिथं अडले, तिथंच अर्थ होता. कविता कळू लागली आणि हात थांबेना.

तिसऱ्या घडीत एका शब्दाचा अर्थ अर्धाच लिहिलेला होता. पेन्सिलीची रेघ तिथून घसरत खाली गेली होती. तिच्या टोकाला अंगठ्याचा तपकिरी, वाळलेला ठसा होता. त्याखालचं सगळं कोरं.

मी माझा अंगठा पाहिला. तो धड होता. ब्लेड त्याच्यावरच टेकलं होतं.

"थांबलीस का गं?" काका म्हणाले. "काप की. एकच घडी राह्यली."